तीस दिवसांची आठवण: फेसबुक लाइव्ह पुसले जाते तेव्हा

१४ एप्रिलची मिरवणूक, अशोक विजयादशमीचा दीक्षाभूमीवरचा सोहळा, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, १ जानेवारीचा भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. गेल्या आठ-दहा वर्षांत यातला एकही दिवस असा गेला नसेल की आपल्या वस्तीतल्या कुणी ना कुणी मोबाइल उंच धरून फेसबुक लाइव्ह केले नाही. विहारातली वर्षावासाची प्रवचने, धम्म परिषदा, मोर्चे, आजारपणाने थकलेल्या जुन्या कार्यकर्त्यांची शेवटची भाषणे, सगळे असेच लाइव्ह झाले. आता प्रश्न असा, की ते आहे कुठे?

बहुतेकांचे उत्तर असते, ‘फेसबुकवर असेल.’ ते तिथे नाही. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकने नियम बदलला. त्या दिवसापासून केलेले लाइव्ह फक्त ३० दिवस राहते, नंतर आपोआप काढून टाकले जाते. त्याआधीची वर्षानुवर्षांची लाइव्हही टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली. सूचना आली होती. ते उतरवून घ्यायला ९० दिवसांची मुदत होती, आणखी मुदत मागण्याची सोयही होती. पण सूचना आली ती अकाउंट चालवणाऱ्याच्या ईमेलवर आणि फेसबुकच्या नोटिफिकेशनमध्ये. विहाराचे पेज ज्या मुलाने कधीकाळी उघडले तो नोकरीसाठी पुण्याला गेलेला, ईमेलचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आणि नोटिफिकेशन वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलेले. मुदत संपली आणि व्हिडिओही संपले.

मोबाइल आणि माध्यमांच्या जगातली ही बातमी तंत्रज्ञानाच्या पानावर चार ओळींत येऊन गेली. आम्हाला मात्र ती आपल्या चळवळीची बातमी वाटते.

एक माणूस, एक कॅमेरा

७ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहाहून दादर चौपाटीकडे निघाली होती. लाखोंचा जनसमुदाय रस्त्यावर होता, पण चित्रीकरण करण्याची कुणाची तयारी नव्हती. नामदेव व्हटकर या माणसाने पदरमोड करून कॅमेरा आणि रिळे मिळवली आणि ती अंत्ययात्रा टिपली. आज प्रत्येक ६ डिसेंबरला आपण जी हलती दृश्ये पाहून गहिवरतो, ती त्यांच्यामुळे आपल्याकडे आहेत.

त्या दिवशी कॅमेरा दुर्मीळ होता, पण जे टिपले ते टिकले. आज चैत्यभूमीवर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि जे टिपले जाते त्यातले बरेचसे महिनाभरही टिकत नाही. आपली अडचण आता यंत्राची राहिलेली नाही, जतनाची आहे.

फोनने आपल्याला काय दिले

मोबाइलला नावे ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. या यंत्राने आपल्याला काय दिले, हे ज्यांनी २००६ पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एकाच कुटुंबातल्या चौघांची निर्घृण हत्या झाली. प्रस्थापित माध्यमांनी तिची गंभीर दखल घ्यायला आठवड्यांमागून आठवडे गेले. ती बातमी पोहोचवली ती कार्यकर्त्यांनी: झेरॉक्स केलेली पत्रके, सत्यशोधन समित्यांचे अहवाल, एसएमएस, ईमेल आणि हातोहात फिरलेले फोटो. राज्यभर रस्त्यावरचा उद्रेक व्हायला नोव्हेंबर उजाडला.

दहा वर्षांनी, ११ जुलै २०१६ रोजी, गुजरातमधल्या उनाजवळ मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारहाण झाली. मारणाऱ्यांनीच मोठ्या गुर्मीत मोबाइलवर चित्रीकरण केले आणि पसरवले. जे दहशत बसवण्यासाठी पसरवले, तेच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाले. आठवडाभरात गुजरात पेटले आणि मेलेली जनावरे सरकारी कार्यालयांच्या दारात येऊन पडली. खैरलांजी आणि उना यांमधल्या दहा वर्षांत एकच मोठा फरक पडला होता: फोन.

याच यंत्राची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली, एवढ्या कारणावरून आपल्या एका तरुणाचा खून झाल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाच्या हातून मारले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच भटक्यांचे जीव तोवर गेले होते. ज्यांच्याकडे जमीन नाही, गाव नाही, ओळखीचा पोलीस पाटील नाही, अफवेचा पहिला बळी तेच ठरतात.

म्हणजे फोन हे कुणाच्याही बाजूचे यंत्र नाही. ते ज्याच्या हातात असते आणि त्यातली नोंद ज्याच्या ताब्यात असते, त्याच्या बाजूने ते बोलते.

घर भाड्याचे, मालक सातासमुद्रापार

ताब्याची ही गोष्ट समजून घेण्यासाठी २९ जून २०२० ची रात्र आठवा. केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न बाजूला ठेवून आम्ही इथे एवढेच पाहतो, की खेड्यापाड्यांतल्या, वस्त्या-तांड्यांवरच्या असंख्य मुलामुलींनी तिथे आपला प्रेक्षक उभा केला होता. ज्यांना टीव्हीवाले दारात उभे करत नव्हते, त्यांना लाखो लोक पाहत होते. ते सगळे एका आदेशाने नाहीसे झाले.

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ‘बोलता हिंदुस्तान’ हे यूट्यूब चॅनल हटवले गेले. त्याच सुमारास दलित-बहुजनांचे प्रश्न मांडणाऱ्या ‘नॅशनल दस्तक’ने आपल्याविरुद्धही सरकारची नोटीस यूट्यूबला आल्याचे जाहीर केले. देशभर निषेध झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली असे आदेश निघतात आणि २००९ च्या नियमांतील नियम १६ नुसार ते गोपनीय ठेवले जातात. ज्याचे तोंड बंद केले, त्यालाच कारणाचा कागद मिळेल याची खात्री नसते.

सरकारी आदेश ही मोठी गोष्ट झाली. रोजच्या अडचणी त्याहून बारीक आहेत. विहारातल्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत मागे कॅसेट कंपनीची भीमवंदना वाजत असली, तर यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि कॉपीराइटचा दावा लागतो. त्रिशरण-पंचशीलाचे पाली शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. पण एखाद्या कंपनीने केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणावर त्या कंपनीचा ६० वर्षे हक्क असतो. असा दावा लागला की बहुधा जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. याहून कडक असतो तो ‘स्ट्राइक’. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक आले तर चॅनलच बंद होऊ शकते, त्यातल्या सगळ्या व्हिडिओंसह. उपाय सोपा आहे: वंदना आपल्याच उपासक-उपासिकांच्या आवाजात घ्या.

साठवणुकीचेही तसेच. गुगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता सगळे मिळून १५ जीबी फुकट मिळतात आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. दोन वर्षे न वापरलेले गुगल अकाउंट त्यातल्या फोटो-कागदांसह काढून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. एखादे ज्येष्ठ कार्यकर्ते निघून जातात. त्यांच्या फोनचा नमुना कुणाला माहीत नसतो. सिमकार्ड काही महिन्यांत बंद होते आणि दोन वर्षांनी त्यांची चाळीस वर्षांची स्कॅन केलेली कात्रणे कुणाच्याही नकळत संपतात.

यात कुणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. या कंपन्यांना साठवणुकीला खर्च येतो, जाहिरातीतून पैसा येतो, आणि जुन्या धम्म परिषदेच्या व्हिडिओवर जाहिरात चालत नाही. त्यांच्या हिशेबात आपली आठवण ही अडगळ आहे. आपल्या हिशेबात ती काय आहे, ते आपण ठरवायचे आहे.

बाबासाहेबांनी छापखाना का काढला?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पैसे देऊनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. पण तिच्यातून जो धडा बाबासाहेबांनी घेतला, तो सांगायला विसरतो. दुसऱ्याच्या पानावर जागा मिळत नाही म्हणून त्यांनी स्वतःचे पान काढले. आणि दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून राहिले तर ते पानही अडकते, म्हणून स्वतःचा छापखाना उभारला. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’. भारत भूषण प्रिंटिंग प्रेस आणि पुढे बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस ही नावे या प्रवासात पत्रांइतकीच महत्त्वाची आहेत. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा त्याच आवारातला हा छापखानाही मोडला. लोक रस्त्यावर उतरले ते विटांसाठी नव्हते.

आणि तरीही ‘मूकनायक’चे सगळे अंक आज आपल्या हाती नाहीत. जे आहेत ते कुणीतरी पेटीत, माळ्यावर जपले म्हणून. वसंत मून यांच्यासारख्यांनी कागदांमागे आयुष्य घातले, म्हणून १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड शासनाकडून निघू शकले. शंभर वर्षांपूर्वीचा स्वस्त कागद टिकला आणि पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ टिकला नाही, अशी वेळ आपल्यावर येऊ नये.

पुरावा म्हणून नोंद

जतन हा केवळ इतिहासाचा विषय नाही. अत्याचाराच्या प्रकरणांत तो न्यायाचा विषय आहे. वस्तीवर हल्ला होतो, कुणीतरी शूट करतो, व्हिडिओ शंभर ग्रुपवर फिरतो आणि मग ‘मेमरी फुल’ झाली म्हणून मूळ फोनमधून काढला जातो. खटला उभा राहतो तेव्हा हाती उरते ती व्हॉट्सॲपवरून दहा वेळा दाबली गेलेली, तारीख-वेळेची माहिती गळून पडलेली प्रत.

डिजिटल पुराव्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादातून आला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. व्हिडिओत एका क्षणाचाही बदल झाला तर ठसा बदलतो.

यातून सामान्य माणसाने लक्षात ठेवायचे ते थोडके आहे. ज्या फोनवर चित्रीकरण झाले, तो फोन विकू नका, रीसेट करू नका. मूळ फाइल कापू नका, तिच्यावर गाणे-मजकूर टाकू नका. वकिलाला किंवा संघटनेला पाठवायची तर व्हॉट्सॲपवर ‘व्हिडिओ’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. कुणी, कुठे, किती वाजता शूट केले ते त्याच दिवशी वहीत लिहून सही करा. आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव किंवा चेहरा कधीही पसरवू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि धम्मानेही.

फोन घरात एक, हात अनेक

इथे एक अप्रिय गोष्ट आपल्यालाच सांगितली पाहिजे. आपण ‘सगळ्यांकडे मोबाइल आहे’ असे म्हणतो, तेव्हा कुणाकडे नाही हे पाहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७ टक्के लोकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. तेव्हापासून आकडे वाढले असतील, पण विहारात रविवारी वंदनेला निम्म्याहून अधिक उपासिका असतात आणि विहाराच्या पेजचा पासवर्ड मात्र एकीकडेही नसतो, हे पाहायला सर्वेक्षण लागत नाही.

खर्चाचेही तसेच. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. २८ दिवसांचा ‘महिना’ असल्याने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज मारावे लागतात. घरात तीन नंबर असले तर आधी आजीचा नंबर बंद पडतो. डेटा नको, फक्त बोलायचे आहे, अशांसाठी वेगळा रिचार्ज ठेवण्याचा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केला आणि कंपन्यांनी तसे प्लॅन आणलेही. पण दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

आता करायचे काय?

नवा महागडा फोन घ्या, असे आम्ही सांगणार नाही. जे हातात आहे त्याचाच नीट वापर करायचा आहे.

पहिले: प्रत्येक विहार, मंडळ, महिला मंडळ यांनी दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात त्या सहज येतात. एक विहारात, दुसरी दुसऱ्या गावातल्या विश्वासू माणसाकडे. पेनड्राइव्हला साठवण समजू नका, तो नेण्या-आणण्यापुरता.

दुसरे: लाइव्ह करताना फोनमध्येच वेगळे रेकॉर्डिंग ठेवा किंवा दुसऱ्या फोनने घ्या. फेसबुकवर लाइव्ह केले तर आठवड्याच्या आत उतरवून घ्या. यूट्यूबवरचे लाइव्ह आपोआप जतन होते, पण ते सलग १२ तासांपेक्षा कमी असेल तरच त्याची खात्री. म्हणून ६ डिसेंबरसारखे दिवसभराचे प्रक्षेपण तुकड्यांत करा.

तिसरे: फाइलला नाव द्या. तारीख, गाव, कार्यक्रम, वक्ता. आकड्यांच्या रांगेतल्या दहा हजार व्हिडिओंत हवे ते सापडत नाही, आणि न सापडणारी नोंद नसल्यासारखीच.

चौथे: पेज आणि चॅनल एकाच माणसाच्या हाती ठेवू नका. पासवर्ड वाटू नका, सेटिंगमधून किमान तिघांना अधिकार द्या आणि त्यात एक तरी महिला असू द्या. संस्थेच्या वेबसाइटचे नाव एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर असेल तर ते संस्थेच्या ईमेलवर घ्या. दरवर्षीचे नूतनीकरण चुकले की ते नाव कुणीही घेऊ शकतो.

पाचवे: ज्येष्ठांच्या गुगल अकाउंटमध्ये ‘निष्क्रिय खाते’ ही सेटिंग त्यांच्यासमोर बसून भरा. खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर त्यातली माहिती कुणाला द्यायची, ते तिथे नोंदवता येते.

आणि वर्षातून एकदा, ३१ जानेवारीला, ‘मूकनायक’च्या दिवशी, डिस्क उघडून पाहा. चालते का, काय गहाळ आहे, नवे काय भरायचे. भाषणांसोबत एवढे एक काम झाले तर तो दिन खरा साजरा झाला.

स्वतःच्या ताब्यात ठेवूनही सगळ्यांना खुले करता येते, याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अवघे पाली तिपिटक नागरीसह अनेक लिप्यांत डिजिटल केले आणि फुकट खुले ठेवले. जाहिरात नाही, खाते उघडण्याची अट नाही.

आलुविहारची शिकवण

भगवान बुद्धांची वचने काही शतके कंठस्थ होती. भिक्खू पाठ करत आणि पुढच्या पिढीला देत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्धाने पाठ करणारेच मरू लागले. तेव्हा संघाने आलुविहार इथे बसून तिपिटक ताडपत्रांवर लिहून काढले. पुढे नालंदा जळाले, तरी तिथल्या अनेक ग्रंथांचा आशय तिबेटी आणि चिनी भाषांतरांत वाचला. कारण प्रत एकाच ठिकाणी नव्हती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांतले तेव्हा पंधरा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. ते कुठून, कोणत्या गाडीने आले, पांढरी साडी कुणाकडून उसनी आणली, परत गेल्यावर घरातले देव कुणी आणि कसे विसर्जित केले, गावाने त्यानंतर कसे वागवले, हे कोणत्याही खंडात नाही. ते त्यांच्या कंठात आहे. त्यासाठी लाइव्ह नको, लाइक नकोत. फोनमधले साधे व्हॉइस रेकॉर्डर पुरे आहे. फोन विमान मोडवर टाका म्हणजे मध्ये कॉल येणार नाही, पंखा बंद करा, आजीशेजारी बसा आणि विचारा. मग ती फाइल दोन ठिकाणी ठेवा.

व्हटकरांकडे एक कॅमेरा होता आणि एक दिवस होता. आपल्याकडे कॅमेरे लाखो आहेत. दिवस मात्र थोडेच उरले आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!